सरूला फळ लागलं

सकाळी सव्वासात. एका हातात डबा, दुसऱ्या हातात वर्गाची किल्ली, आणि मी अंगणातून ओरडतेय, "अण्णा, फळ लागलंय! सरूला फळ लागलंय!"

सासऱ्यांशी बोलताना सुनेनं इतका आवाज चढवू नये, हे मला कळतं. माझ्या आवाजाला ते कधीच कळलेलं नाही. वीस वर्षं मराठी शाळेत चार इयत्ता एकाच खोलीत शिकवल्या की गळ्याला दुसरी पट्टी उरत नाही. अण्णा पडवीत चहा पीत बसले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, डोळ्यांनी अधू, गुडघ्यांनी त्याहून अधू. पण फळ हा शब्द कानावर पडला आणि भरलेली बशी खाली ठेवून ते उठले. काठी घ्यायचंसुद्धा विसरले.

"कुठं? कुठं हाय?"

मी त्यांचा हात धरून त्यांना दगडी गडग्याजवळच्या कोपऱ्यात नेलं आणि त्यांची बोटं एका फांदीवर ठेवली. पानांच्या गर्दीत दडलेल्या बोंडांतलं एक हिरवं-निळसर बोंड त्यांनी अंगठा आणि तर्जनीत धरून हळूहळू फिरवलं. ओल्या सुपारीएवढं असेल. वरून कासवाच्या पाठीसारखे तुकडे जोडलेले. अण्णांनी आयुष्यभर हापूसची फळं देठाशी चाचपून ती कधी उतरवायची हे सांगितलेलं आहे. त्याच बोटांनी त्यांनी हे फळ तपासलं.

मग म्हणाले, "धा वर्सांपूर्वी तू म्हनालीस, ह्याला फळ लागत नाय."

"खायचं लागत नाही असं म्हणाले होते, अण्णा."

"आता देवाचं काडायला पायजे. गुरवाला सांगून ठेव. आईतवारी सगळी वाडी बोलव."

"अण्णा, हे देवानं खायचं कसं?"

"देव कुटं खातो? देव बगतो," असं म्हणून ते माझा हात सोडून झाडाचा आधार घेत उभे राहिले.

आमच्या वाडीत नव्या झाडाचं पहिलं फळ घरात कोणी तोंडात घालत नाही. हापूसचं कलम असो, फणस असो की परसातली पपई असो, पहिली पाच फळं गावदेवाची. गुरव ती देवापुढे मांडतो आणि मग गाऱ्हाणं होतं. गाऱ्हाणं म्हणजे देवाला सगळ्यांदेखत, खड्या आवाजात मनातलं सांगणं. दर वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. आमचं घर सोडून वाडीत घरं नऊ. प्रत्येक घरातलं एक माणूस तरी यायलाच लागतं, नाहीतर ते फळ त्या घरानं मान्य केलं नाही असं होतं. आजवर असं कधी झालेलं नाही.

त्या दिवशी मी शाळेत काय शिकवलं ते मला आठवत नाही. दुसरीच्या मुलांना तीनदा हजेरी विचारली. डोक्यात आनंद होता आणि आनंदापेक्षा वेगळीही एक गोष्ट होती. कारण नऊ घरांतलं एक घर आमच्या गडग्याच्या पलीकडचं, सुलूवहिनींचं. त्यांचे यजमान आणि मुलगा मुंबईला, घरात त्या एकट्या. म्हणजे यायचं तर त्यांनीच यायला हवं. आणि सुलूवहिनी आणि मी आठ वर्षं एकमेकींशी बोललेलो नाही.

त्या आठ वर्षांपूर्वीच्या आश्विनात मी एक झाड मिळवलं आणि एक माणूस घालवलं. आश्विन दरवर्षी येतो आणि दरवर्षी मला ते दोन्ही आठवतं.

आमच्या सड्यावर, या कातळाच्या माळावर, आश्विन येतो तो वासानं. पावसाळाभर कातळावर पाणी आणि शेवाळ असतं. पाऊस मागे सरला की चार दिवसांत कातळ तापतो आणि खालच्या ओलीची वाफ नाकात शिरते. कंबरेएवढं वाढलेलं गवत टोकाकडून पिवळं पडू लागतं. खाली मळ्यात भात कापायला सुरुवात झालेली असते, त्या कापलेल्या ताटांचा गोडसर वास वर चढून येतो. चतुर इतके येतात की मुलांना वर्गात फळ्याकडे बघायला सांगणं हा अन्याय वाटतो. सहामाही परीक्षा तोंडावर असते. दुपारी बारानंतर अंगण इतकं तापतं की पायरीवरून खाली पाय ठेववत नाही, आणि पहाटे मात्र पांघरूण शोधावं लागतं. जयगडच्या बंदरावर पाळीला जाणारा माझा नवरा म्हणतो, या दिवसांत समुद्रसुद्धा वेगळा दिसतो, धुतलेल्या पाटीसारखा. मला त्यातलं काही कळत नाही. मला एवढंच कळतं की पावसात कोणती झाडं तगली आणि कोणती आतून कुजली, याचा निकाल आश्विनात लागतो. म्हणून या ऋतूत मी सकाळी उठले की चहाच्या आधी बागेत जाते. निकाल लावणारीलाच निकालाची एवढी धास्ती!

सरूशी माझी ओळख झाली तेव्हा मी चौथीत होते. रत्नागिरीच्या शाळेची सहल महाबळेश्वरला गेली होती. सगळ्या मुली स्ट्रॉबेरीकडे धावल्या आणि मी एका बंगल्याच्या फाटकाशी अडकले. तिथे दोन झाडं होती, उंच, निमुळती, गडद हिरवी, आकाशाकडे काहीतरी काम असल्यासारखी सरळ निघालेली. रत्नागिरीत मी पाहिलेली सगळी झाडं आडवी पसरायची, आंबा, फणस, काजू, सगळी हातपाय पसरून बसलेली. फक्त वर जाणारं, आणि कशाला टेकायचं नाही असं ठरवलेलं झाड मी माडानंतर पहिल्यांदा पाहिलं, आणि हे तर माडासारखं बोडकंही नव्हतं. मी एक डहाळी मोडली आणि बोटांत चुरली. कापूर, लिंबाची साल आणि नवं लाकूड एकत्र केलं तर येईल तसा वास. ती डहाळी वर्षभर माझ्या कंपासपेटीत होती. गणिताच्या तासाला पेटी उघडली की डोंगराचा वास यायचा आणि माझी उत्तरं चुकायची.

दहा वर्षांपूर्वी साताऱ्याच्या एका लग्नाहून परतताना महाबळेश्वरला गाडी बदलायची होती. स्टँडसमोर एक माणूस काळ्या पिशव्यांत रोपं मांडून बसला होता, आणि त्यांत तो. गुडघ्याएवढा सरू. पुढचा सगळा प्रवास मी तो दोन पायांत धरून केला. घाटात वळणावर वळणं, शेजारच्या बाईंना उलट्या, आणि मी मात्र खाली वाकून वाकून शेंडा शाबूत आहे का ते बघतेय.

घरी आल्यावर अण्णांनी रोपाकडे आधी बघितलं, मग माझ्याकडे. अण्णांची ओळख म्हणजे कलमं. या सड्यावर त्यांनी बांधलेली कलमं किती असतील ते त्यांनाही ठाऊक नाही. कातळात पहारीनं खड्डा मारायचा, दुसरीकडची माती डोक्यावरून आणून त्यात भरायची, आणि तिथे हापूस उभा करायचा, हे त्यांनी जन्मभर केलं.

"फळ काय लागतं ह्याला?"

"खाण्यासारखं काही नाही."

"सावली?"

"स्वतःपुरती."

"लाकूड?"

"चाळीस-पन्नास वर्षांनी."

"मंग ह्ये करतं काय?"

"वर जातं, अण्णा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू माझ्या माहेरच्या माणसांनी लग्नाच्या वेळी काहीतरी लपवलं होतं. पण जागा दिली. गडग्याजवळचा कोपरा, जिथे त्यांचं एकही कलम धरलं नव्हतं. आणि एकदा जागा दिल्यावर मात्र अण्णांनी त्या परक्या झाडाचं सगळं कलमासारखं केलं. खड्डा मारला, खाली फुटका जांभा घातला, वर माती चढवून उंचवटा केला. "ह्याला पान्यात उबं ठेवलंस तर ह्याचं पाय कुजतील," म्हणाले. उताराकडे चर खणला. आधाराला काठी हवी होती, ती सुलूवहिनींनी आपल्या बांबूच्या बेटातली तोडून गडग्यावरून दिली.

सुलूवहिनींबद्दल सांगायचं तर आधी विरजणाबद्दल सांगावं लागेल. त्यांच्याकडे दुधाचा रतीब होता, दही त्या रोज लावायच्या, आणि रोज सगळं खाऊन संपवायच्या. दुसऱ्या दिवसासाठी चमचाभर बाजूला ठेवावं हे त्यांना कधी सुचलं नाही, किंवा सुचायला त्यांनी नकार दिला. गडग्याला एका ठिकाणी दगड ढासळून वाट झाली होती. त्या वाटेनं रोज सकाळी हातात वाटी घेऊन त्या यायच्या. "विरजन हाय काय गो?" हा आमच्याकडचा सकाळचा भोंगा होता. मग पायरीवर बसायचं, कोणाच्या सुनेनं काय केलं, बुरोंडीला दिलेल्या त्यांच्या लेकीकडे यंदा मासळी कशी आहे, मी शाळेत कोणाला बदडलं, असं सगळं व्हायचं. मी कोणालाही बदडत नाही, पण सुलूवहिनींचा त्यावर विश्वास नव्हता. मी नवी सून म्हणून आले तेव्हा या घरात मला हसायला लावणारं पहिलं माणूस म्हणजे सुलूवहिनी.

पहिल्या पावसाळ्यात सरू पिवळा पडला. आतली पानं तपकिरी होऊन गळायला लागली. मी रडवेली झाले. अण्णांनी खालची पानं उलटून बघितली आणि म्हणाले, सुपारीच्या कोळे रोगासारखं हाय. मोरचूद आणि चुना कालवून सुपारीवर मारतात ते बोर्डो मिश्रण त्यांनी त्या एवढ्याशा झाडावर मारलं. झाड निळं-पांढरं होऊन कोणीतरी रंगपंचमी खेळल्यासारखं दिसायला लागलं. वारा समुद्राकडून सुटला की मी खिडकीतून बघत बसायची. सुलूवहिनी डोक्यावर गोणपाट घेऊन भर पावसात आल्या आणि आपल्याकडच्या झावळ्यांचा आडोसा उभा करून गेल्या. "माज्या काठीची इज्जत हाय," म्हणाल्या. झाड जगलं. दुसरा पावसाळाही जगलं. आणि त्या दुसऱ्या पावसाळ्यानंतरच्या आश्विनात त्यानं जी काही उसळी घेतली! पोपटी शेंडा रोज दिसण्याइतका वाढायचा. मी शाळेतली मोजपट्टी घरी आणली. आज माझ्या हनुवटीला, आज नाकाला, आज कपाळाला. घटस्थापना झाली, दारात झेंडूचं तोरण लागलं, पण माझा खरा सण त्या कोपऱ्यात चालला होता. वर्गातल्या मुलांनाही रोज सकाळी मापाचा आकडा ऐकायला लागायचा. बिचारी टाळ्या वाजवायची.

आणि मग एका दुपारी मी शाळेतून आले, सवयीनं आधी कोपऱ्यात गेले, आणि बघते तर शेंडा नाही.

कपाळाला लागणारा सरू माझ्या छातीपर्यंत उरला होता. वरचा सगळा पोपटी भाग गेला होता. आणि गडग्याच्या त्या ढासळलेल्या वाटेत सुलूवहिनींची शेळी, चांदी, शांतपणे काहीतरी चघळत उभी होती.

मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, आणि ते लिहिताना आजही कान तापतात. आवाज तर वाडीच्या टोकाला गेलाच. सुलूवहिनी भिजलेल्या हातांनी धावत बाहेर आल्या. "काय झालं गो बाय?" म्हणाल्या. मी म्हणाले, "शेळीला काय बोलायचं! जशी मालकीण तशी शेळी. दोघींनाही दुसऱ्याच्या कुंपणात तोंड घालायची सवय. तुम्ही विरजणाला येता, ती पाल्याला येते."

त्यांनी आपल्या साडीला हात पुसले. चांदीच्या गळ्यातली दोरी धरली आणि तिला घेऊन आत गेल्या. तोंडाला तोंड देणारी बाई, एरवी माझ्या एका वाक्याला तीन ऐकवणारी, ती गप्प राहिली. माझं बोलणं किती लागलंय, हे त्याच वेळी मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी आली नाही. अण्णा माझ्याआधी कोपऱ्यात जाऊन उभे होते. मला म्हणाले, "हिकडं ये. ह्यो काप बग."

मी बघितलं. तिरका, स्वच्छ, एका झटक्यात घेतलेला काप.

"शेळी असं कापीत नाय," अण्णा म्हणाले. "शेळी तोडते, चावते, चोथा करते. ह्यो चाकूचा काप हाय. माजा."

कलम जोमानं नुसतं वर जायला लागलं की त्याचा शेंडा मारायचा, मग बगलेच्या फांद्या फुटतात, झाड डेरेदार होतं, फळ हाताला लागतं. कोकणातला कोणताही बागायतदार झोपेत हे करेल. अण्णांनी दोन वर्षं त्या झाडाला वेड्यासारखं वर जाताना बघितलं, त्यांना त्याची काळजी वाटली, आणि एका सकाळी मळ्यात कापणीला जाता जाता त्यांनी प्रेमानं त्याचा शेंडा मारला. संध्याकाळी मला सांगून शाबासकी घेणार होते. घरी आले तोवर भांडण होऊन गेलं होतं, आणि माझं तोंड बघून त्यांना रात्रभर शब्द सुचले नाहीत. ज्या झाडाचं सगळं सौंदर्य त्या एका शेंड्यात, त्याला त्यांनी आंबा करायला घेतलं होतं!

मला त्यांचा राग आला नाही. खरंच आला नाही. ते इतके लहान होऊन उभे होते. मग त्यांनीच झाड दुरुस्त केलं. कापाच्या खाली एक जोमदार बगल निवडली. सुकलेल्या केळीच्या सोपाचे, म्हणजे खोडाच्या सालीचे, पट्टे भिजवून आणले, पूर्वी कलमं त्यानंच बांधायचे. सुलूवहिनींच्या त्याच काठीला ती बगल हळूहळू उभी करत बांधली. दर आठ दिवसांनी गाठ सोडायची, जरा वर घ्यायची, पुन्हा बांधायची. "ह्याला वाटलं पायजे की आपनच शेंडा," म्हणायचे. माझ्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरांना मी हेच तर सांगत असते. दिवाळीपर्यंत त्या बगलेनं मान सरळ केली.

झाड बांधून झालं त्या पहिल्या दिवशीच अण्णा म्हणाले होते, "शेंडा माज्याकडनं गेला. पन बोललीस तू. जा, सुलूला सांगून ये."

मी म्हणाले, "संध्याकाळी जाते."

ती संध्याकाळ आठ वर्षं झाली तरी आली नाही. पहिल्या दिवशी परीक्षेचे पेपर होते. दुसऱ्या दिवशी डोकं दुखत होतं. मग दिवाळी आली, मग वाटलं की आता इतक्या दिवसांनी काय सांगायचं. मी स्वतःला सांगत राहिले की सासऱ्यांचं नाव कसं पुढे करायचं, वाडीत त्यांचं हसं होईल. हे खोटं होतं. खरं एवढंच होतं की मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी तोंड फिरवते. दरवर्षी दसऱ्याला सोनं वाटून झालं की अण्णा विचारायचे, "गेलीस काय?" मी नकारार्थी मान हलवायची. मग त्यांनी विचारणं सोडलं. पलीकडे चांदीला कायम आखूड दोरीनं बांधलेलं असायचं. तिचं ओरडणं मला वर्गातही ऐकू यायचं, असं माझं मला वाटायचं. चांदी गेली. तिच्या नातीलाही सुलूवहिनींनी तसंच आखूड बांधलं. गडग्याच्या वाटेत गवत वाढलं, आश्विनात पिवळं पडलं, पुन्हा वाढलं.

आणि सरू वाढत राहिला. कौलांच्या वर गेला, माडाच्या अर्ध्यावर पोचला. मुनियांनी त्यात घरटी केली. पाऊस संपला की आतली वाळलेली पानं हातानं झटकायची, बुंध्याशी हवा खेळती ठेवायची, मुळाशी पाणी साचू द्यायचं नाही, आणि चाकू त्याच्या जवळपासही न्यायचा नाही. बाकी त्याला काही लागत नाही. कापाजवळ खोडाला पडलेला तो छातीच्या उंचीवरचा बाक मात्र तसाच आहे. माझी समजूत होती की झाड वाढलं की बाकही वर जाईल, दिसेनासा होईल. अण्णा हसले होते. झाड वरच्या टोकाला वाढतं, जे खाली झालं ते खालीच राहतं, फक्त जाड होतं. दरवर्षी आश्विनात अण्णा तिथे जाऊन त्या बाकावर हात फिरवतात आणि मला विचारतात, "सरळ झालं काय गो?" मी म्हणते, नाही. ते म्हणतात, "होयल." इतकी वर्षं आम्ही दोघं हेच बोलतोय.

रविवार आला. मी पहाटेच उठून पाच बोंडं उतरवली, प्रत्येकाला एकेक हिरवी डहाळी ठेवून. केळीच्या पानावर मांडली तर इतकी देखणी दिसली की मी नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवली. अण्णांनी धुतलेलं धोतर नेसलं. निरोप नऊही घरी गेला होता. मी स्वतः आठच घरी गेले होते. नवव्या घरी गुरवाची बायको गेली होती.

देवळात माणसं जमली. मी मोजत होते. एक, दोन, पाच, सात. गुरवानं पान हातात घेतलं, एक बोंड उचलून उजेडात धरलं, हुंगलं.

"अण्णा, ह्ये काय हाय?"

"फळ."

"चिरायचं कसं?"

"चिरू नको. ठेव देवापुडं."

लोक हसले. आठवं घर आलं. मी दाराकडे बघत होते, आणि बघत नाही असं दाखवत होते. मग सभामंडपाच्या अगदी मागच्या खांबाशी हिरवं लुगडं दिसलं. सुलूवहिनी आल्या होत्या. केस पार पांढरे झाले होते. रोज पन्नास पावलांवर असलेल्या बाईचे केस कधी पिकले, हे मला ठाऊक नव्हतं.

गाऱ्हाणं गुरव घालतो. पण अण्णांनी हात वर केला आणि स्वतःच सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! माज्या सुनंनं लावल्याल्या झाडाचं पयलं फळ तुज्या पायाशी ठेवलंय, त्ये गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्ये झाड लांबचं, डोंगरातलं. ह्याची रीत मला ठावं नव्हती. आमच्या रितीनं मी त्येचा शेंडा मारला. आनि आळ गेला मुक्या जनावरावर. ती चूक माजी, ती पोटात घाल रे म्हाराजा!"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. कसली चूक, कसला शेंडा, कुणाला काही कळेना. दोन-तीन तोंडांतून पुटपुटल्यासारखं "व्हय म्हाराजा" आलं. आणि मी तोंड उघडलं. गाऱ्हाण्यात बायका मधे बोलत नाहीत. माझं तोंड उघडलं हे मलाच नंतर कळलं.

"आणि आळ मी घेतला, महाराजा. शेळीनं काही केलं नव्हतं, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तरी आठ वर्षं मी गडगा ओलांडून गेले नाही. सुलूवहिनींना मी विरजणावरून बोलले. बोलायला नको होतं."

आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज बसला होता. मागच्या रांगेपर्यंत पोचला असेल की नाही, याची मला खात्री नव्हती. गुरव घंटेखाली हात जोडून थांबला होता. कोणीच साथ देईना. देवळाबाहेर चतुर उडत होते ते मला स्पष्ट दिसत होतं. अण्णांनी चाचपडत माझं मनगट धरलं.

मग मागच्या खांबाशेजारून खणखणीत, एकटीचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

आणि त्यापाठोपाठ अख्खी वाडी, काही न कळताही, इतक्या जोरात की देवळातली कबुतरं उडाली.

प्रसाद घेऊन त्या निघून गेल्या. माझ्याकडे वळून बघितलं नाही. मी त्यांच्यामागे धावायला निघाले, तर अण्णांनी मनगट सोडलं नाही. "आज जाव दे," म्हणाले. घरी आल्यावर मी विळा घेतला आणि गडग्याच्या वाटेतलं गवत कापायला गेले. उद्या सकाळी शाळेआधी पलीकडे जायचं, कारण न शोधता जायचं, असं ठरवलं होतं. अर्धं गवत कापून झालं आणि अंधार पडला.

सोमवारी सकाळी सव्वासात. एका हातात डबा, दुसऱ्या हातात वर्गाची किल्ली. डबा अजून झाकायचा होता. अण्णा झाडाशी उभे राहून बाकावर हात फिरवत होते, आणि तेवढ्यात न कापलेल्या अर्ध्या गवतात खसखस झाली. आधी एक काळी शेळी आली, गळ्यात दोरी नसलेली. तिच्यामागून हिरवं लुगडं वर खोचून सुलूवहिनी आल्या. हातात वाटी होती.

"विरजन हाय काय गो?"

गोड, हळू आवाजात "आहे" म्हणावं, असं फार मनात होतं. पण मी "आहे!" म्हणाले ते, अण्णा सांगतात, खाली मळ्यात कापणी करणाऱ्यांनीही ऐकलं.